बॅटरीचं यंत्र आणि धोंड्याची बासुंदी

बॅटरीची तब्येत तपासायचं यंत्र घरात आलं, त्या दिवसापर्यंत आमच्या गाडीची बॅटरी ठणठणीत होती.

गाडी म्हणायला आमची. मुळात ती माझ्या सासऱ्यांची, म्हणजे फुलंब्रीच्या आप्पांची. पांढरी, चौकोनी, माझ्या लेकीपेक्षा वयाने दोन वर्षं मोठी, आणि मागच्या सीटला अजून दुधाचा वास. आप्पांच्या गोठ्यात आठ म्हशी. रोज संध्याकाळी दुधाच्या कॅन मागच्या सीटवर ठेवायच्या आणि स्वतः गाडी चालवत डेअरीवर जायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. डेअरी घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण आप्पा गाडीनंच जायचे. तीन वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात, म्हणजे मागच्या धोंड्याला, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. (जावयाला वाणात चांदीचं निरांजन द्यायची रीत आहे. मला निरांजन मिळालं आणि वर गाडी!) तेव्हापासून आप्पा पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून, मांडीवर कॅन धरून डेअरीवर जातात, आणि ते त्यांना मुळीच आवडत नाही.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला, तोही ऐन उन्हाळ्यात. सासूबाईंचा, म्हणजे माईंचा फोन आला, की रविवारी लेक-जावयानं जेवायला यायचं. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, धोंडे किती, अनारसे किती, बासुंदीला दूध किती, अशी सगळी चौकशी केली. मग आप्पांनी फोन मागून घेतला. मला वाटलं तब्येत विचारतील.

"जावईबापू, गाडी घिऊन या," ते म्हणाले. "सांजच्याला मला गाडीतून डेअरीवर जायचंय. समद्यांना सांगून ठिवलंय म्या."

आप्पांनी आजवर माझ्याकडं काही म्हणजे काही मागितलेलं नव्हतं. त्या एका वाक्यानं मला असं काही स्फुरण चढलं, की मी त्याच दिवशी गाडी धुतली, पुसली, चारही चाकांत हवा भरली आणि संभाजीनगरात आम्ही राहतो त्या पडेगावच्या रस्त्यावर सलीमभाईंकडं नेली. सलीमभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची सहा बुचं काढून एकेका भोकात टॉर्च मारली आणि निकाल दिला, "ब्याटरी एकदम टनाटन है सर. पानी थोडा कम हुआ. डिश्टिल वॉटर लेके आव, डाल देता."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मी बारावीला फिजिक्स शिकवतो.

वीस वर्षं मी घनता शिकवतोय. हायड्रोमीटरची आकृती फळ्यावर पाठ करून काढतो. प्रत्यक्ष हायड्रोमीटर मात्र कधी हातात धरलेला नव्हता. (कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक होता. तो कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली निवृत्त झालेल्या शिपायासोबत गावी गेली होती.) बुचं उघडून नुसत्या नजरेनं बॅटरी टनाटन ठरवणं मला शास्त्राला धरून वाटेना. आप्पांच्या गाडीला पुरावा हवा! शनिवारी संध्याकाळी मी मोंढ्याजवळच्या दुकानातून बॅटरीचा हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन आलो, आणि यंत्र जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं.

दिसायला ते डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरसारखंच असतं, फक्त वीतभर लांब. वर रबरी फुगा, खाली काचेची नळी, आणि नळीच्या आत एक छोटी कांडी सुटी ठेवलेली. फुगा दाबून सोडला की बॅटरीतलं अॅसिड नळीत चढतं आणि कांडी त्यात तरंगते. कांडीवर तीन पट्टे. हिरवा म्हणजे बॅटरी भरलेली, पांढरा म्हणजे अर्धी आणि लाल म्हणजे संपली. मी सुनंदाला हे तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, की बॅटरी चांगली आहे असं सलीमभाई म्हणालेत ना, मग हे कशाला. मी तिला पुरावा आणि मत यांतला फरक सांगितला. ती झोपायला निघून गेली.

यंत्राबरोबर सूचनांचा एक कागदही होता. तो मी यंत्राखाली अंथरला, म्हणजे टेबलावर थेंब पडायला नकोत.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून धोंड्यासाठी कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा घातला आणि तसाच गाडीपाशी गेलो. सुनंदा म्हणाली, आधी जुने कपडे घाला आणि मग काय ते खेळा. खेळा! मी ऐकलं नाही. पहिलं बूच काढलं, नळी आत घातली, फुगा दाबून सोडला. काही नाही. पातळी इतकी खाली गेली होती, की नळीत थेंब चढेना. मग मी सहाही भोकांत डिस्टिल्ड वॉटर ओतलं, काठोकाठ, आणि दम न खाता लगेच पुन्हा नळी घातली.

कांडी पार लाल पट्ट्यापर्यंत बुडाली.

दुसरा सेल लाल. तिसरा लाल. चौथ्याला मी घाईनं नळी बाहेर ओढली आणि दोन-चार थेंब लेंग्यावर पडले. पाचवा आणि सहावाही लालच. मी घामानं निथळत घरात गेलो आणि सुनंदाला सांगितलं, की गाडीची बॅटरी संपली आहे, एकही सेल शिल्लक नाही.

"अहो, काल तर किल्लीला हात लावला नाही तोच सुरू झाली," ती म्हणाली.

"ते वरवरचं. आतून ती पार खचलेली आहे."

"मग आता? आप्पांना काय सांगायचं?"

रविवारी नवी बॅटरी कुठं मिळणार? सलीमभाईंना फोन करायचा, तर त्यांच्या टनाटनवर अविश्वास दाखवून मीच यंत्र आणलेलं. मी पाच मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि मला उपाय सुचला. गाडी एकदा कशीबशी सुरू करायची आणि मग बंदच करायची नाही! पडेगावपासून फुलंब्रीपर्यंत, आणि पुढं संध्याकाळी आप्पा डेअरीवर जाऊन येईपर्यंत, इंजिन अखंड चालू ठेवायचं. देवापुढचा नंदादीप नाही का तेवत ठेवत? सुनंदानं माहेरच्या पिशवीत माझा एक जादा सदरा टाकला. लेंगा टाकला नाही, हे पुढं महागात पडलं.

गाडी अर्ध्या किल्लीत सुरू झाली. विझायच्या आधी दिवा मोठा होतो, तशातला प्रकार असणार, अशी मी समजूत घातली.

पुढचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. बॅटरीवर ताण नको म्हणून एसी बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. बाहेर उन्हाचा भडका. हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही! दिल्ली गेटच्या गर्दीत मी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारत वाट काढत होतो, आणि हर्सूलच्या पुढं रस्त्यात म्हशी आल्या तेव्हा सुनंदानं डोकं बाहेर काढून, तिच्या माहेरी हाकतात तशी हाळी देऊन त्यांना बाजूला केलं. पेट्रोल भरायला पंपावर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, आधी इंजिन बंद करा. मी म्हणालो, बंद करता येत नाही. त्यानं माझ्याकडं, मग इंजिनाकडं, मग सुनंदाकडं बघितलं आणि पाईप जागेवर ठेवून दिला. (गाडी चालू असताना विजेचं काम अल्टरनेटर करतो, बॅटरीवर काडीचा भार नसतो, हे मी दरवर्षी शिकवतो. परीक्षेत हमखास विचारतोही.) चौक्याच्या घाटात तर मी गिअर बदलताना श्वास रोखून धरत होतो. सुनंदाचा चेहरा उन्हानं आणि रागानं सारखाच लाल झाला होता, आणि त्या दिवशी मला लाल रंग बघवत नव्हता.

फुलंब्रीला पोचलो तेव्हा आप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. परीटघडीचं धोतर, डोक्याला नवी टोपी. गाडी अंगणात शिरली तसे ते काठी टेकत उठले, माझ्याशी रामराम करायच्या आधी गाडीपाशी गेले आणि बॉनेटवरून हात फिरवायला लागले. घरच्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. ते बघून मला इतकं भरून आलं, की त्यांना खरं सांगायची हिंमतच होईना. मी इंजिन चालू ठेवून, किल्ली तशीच सोडून, पाव्हण्यांना नमस्कार करायला गेलो.

चुलत सासरे तात्या तेवढ्यात गाडीपाशी जाऊन आले.

"मास्तर, गाडी चालूच ऱ्हायली व्हती की तुमची," किल्ली माझ्या हातात ठेवत ते म्हणाले. "म्या बंद केली."

सुनंदानं डोळे मिटून घेतले. मी हसून तात्यांचे आभार मानले. आता गाडी संध्याकाळी ढकलून सुरू करावी लागणार, आणि आप्पा डेअरीवर पोचणार ते धक्का मारणाऱ्या पाव्हण्यांच्या मिरवणुकीसह! मला राहवेना. नेमकं किती संपलंय ते तरी कळावं, म्हणून मी पिशवीतून यंत्र काढलं आणि बॉनेट उघडलं.

बॉनेट उघडलं की माणसं जमतात. मी पहिल्या सेलमध्ये नळी घातली आणि फुगा सोडला. हिरवा! दुसरा हिरवा. सहाच्या सहा हिरवे. सकाळी मेलेली बॅटरी घाट चढून आल्यावर धडधाकट झाली होती. आता यातून एकच शास्त्रीय निष्कर्ष निघत होता, आणि तो मी सगळ्यांसमोर मोठ्यानं काढला, "यंत्र खोटं आहे!"

आप्पांना ते लागलं. जावयानं धोंड्याच्या दिवशी आणलेली वस्तू खोटी निघावी, हे त्यांना बरं वाटेना. त्यांनी विचारलं हे काय आहे. मी सांगितलं, की यात रस ओढला की कांडी तरंगते आणि तो दाट आहे की पातळ ते कळतं.

"म्हंजी आमच्या दुधाची डिग्रीच की ही," आप्पा म्हणाले.

डेअरीत दूध घेताना त्यात काचेची एक नळी सोडतात. ती किती बुडते त्यावरून दुधात पाणी आहे की नाही ते कळतं. गावाकडं तिला डिग्री म्हणतात. तत्त्व अगदी तेच, असं मी आप्पांना कौतुकानं सांगितलं. (एका विद्यार्थ्याला तरी माझं शिकवलेलं कळलं, असं मला मनापासून वाटलं.) तेवढ्यात माईंनी औक्षणाला हाक मारली. मी यंत्र ओसरीच्या कठड्यावर ठेवलं आणि हात-पाय धुवायला गेलो. यंत्र धुतलं नाही. फुग्यात चमचा-दोन चमचे अॅसिड राहिलं होतं.

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पाटावर बसवतात, ओवाळतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. मी पाटावर मांडी घालून बसलो. माईंनी ताम्हण उचललं, एक फेरा झाला, दुसऱ्या फेऱ्याला त्यांची नजर खाली गेली आणि ताम्हण जागच्या जागी थांबलं. सकाळी पडलेल्या थेंबांनी उन्हात आपलं काम चोख केलं होतं. मांडीवर लेंग्याला आधी वाटाण्याएवढी चार भोकं होती. मी दचकून हालचाल केली, आणि ती एकमेकांना भेटली. टर्रकन आवाज झाला. माईंनी मान फिरवून, भिंतीकडं बघत, उरलेले फेरे पुरे केले. आहेराचं कापड तयार होतं, पण ते पँटपीस होतं, शिवायचं होतं. शेवटी सुनंदानं आप्पांचं एक धोतर आणून दिलं. आप्पा सहा फूट, मी त्यांच्या खांद्याला लागतो. मी ते कसंबसं गुंडाळत असतानाच स्वयंपाकघरातून आप्पांचा आवाज आला, "दुधात पानी कुनी घातलं?"

आप्पा कधी आवाज चढवत नाहीत.

झालं होतं असं. जावयाचं यंत्र खोटं कसं असेल, दुधावर लावून बघू, म्हणून आप्पा ते घेऊन बासुंदीच्या दुधापाशी गेले. पहाटे काढलेलं, सहा लिटर, त्यांच्या सगळ्यात लाडक्या म्हशीचं. त्यांनी फुगा दाबला, सोडला, आणि कांडी तळाला जाऊन बसली. कुठं चूक नको म्हणून त्यांनी पातेल्यात चार ठिकाणी दूध ओढून बघितलं, प्रत्येक वेळी इमानानं परत पातेल्यात सोडलं. चारही वेळा लाल पट्टा पार बुडाला. आता बॅटरीचं अॅसिड दुधापेक्षा कितीतरी दाट. त्या यंत्राला दूध काय, मध सोडला तर घरातलं सगळं पाणीच वाटणार! पण हे ठाऊक असलेला एकमेव माणूस तेव्हा धोतराशी झगडत होता.

मी पोचलो तोवर माईंच्या शपथा घेऊन झाल्या होत्या, त्यांच्या जावेनं, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, डोळ्यांना पदर लावला होता, आणि आप्पा उंबऱ्यावर बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली.

"चाळीस वर्सं डेअरीला दूध घालतोय," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "एक डाव कुनी बोट दावलं नाय. आन आज माझ्याच घरात..." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गाडी ऱ्हाऊ द्या, जावईबापू. आता कोन्त्या तोंडानं जाऊ तिथं?"

माझं लक्ष त्यांच्याकडं होतं, म्हणून पातेल्याकडं गेलं नाही. ते दूध एव्हाना चुलीवर होतं. तेवढ्यात माई ओरडल्या. दूध नासलं होतं. सहाच्या सहा लिटर, गुठळ्या होऊन! आप्पांनी डोक्याला हात लावला. पाण्याचा ठपका कमी होता म्हणून की काय, आता म्हैसही आजारी, असं त्यांना वाटलं. तात्यांनी धीर दिला, की एवढं ऊन आहे, उन्हानं नासलं असेल. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटत आलं होतं. इतक्यात मला पातेल्याशेजारी माझं यंत्र दिसलं. नळीच्या टोकाला दुधाचा थेंब होता.

विष्णू क्षीरसागरात पहुडतात. मी सासऱ्यांचा क्षीरसागर नासवला होता!

खरं सांगतो, एक क्षणभर मी गप्प बसायचं ठरवलं. उन्हावर सगळं खपलं होतं. जावयाचा मान शाबूत होता, अंगावर सासऱ्यांचं धोतर असलं तरी. मनात हिशेब चालू होता, तेवढ्यात माईंनी पदर खोचला.

"नासलं तर नासलं," त्या म्हणाल्या. "साखर घालून आटवते, कलाकंद व्हईल झ्याक." आणि गुठळ्यांचा एक चमचा फुंकर घालून त्यांनी तात्यांपुढं केला. तात्यांनी आ केला.

"खाऊ नका!" मी ओरडलो. "त्यात अॅसिड आहे!"

धोतर एका हातात धरून मी पुढं झेपावलो आणि तात्यांच्या तोंडापासचा चमचा उडवला. तो भिंतीवर जाऊन आपटला. मग मी सगळं सांगितलं, एका दमात. यंत्र बॅटरीचं आहे, ते मी धुतलं नाही, आत अॅसिड होतं, त्यानं दूध नासलं. ते यंत्र दुधाला लावायचं नसतंच, जगातल्या कुठल्याही दुधात त्याची कांडी बुडणारच. दुधात पाणी नाही, म्हैस ठणठणीत आहे, दोष सगळा माझा आहे. सुनंदाकडं बघायची माझी प्राज्ञा नव्हती. मी आप्पांकडं बघत होतो.

"म्हंजी," आप्पा सावकाश म्हणाले, "माझ्या दुधात पानी नव्हतं?"

"नव्हतं आप्पा. थेंबभरही नव्हतं."

"येक डाव परत सांगा."

मी परत सांगितलं. आप्पांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि हसायला लागले. असे हसले, की माईही हसायला लागल्या, तात्या हसायला लागले, आणि जाऊबाईंनी ज्या पदरानं डोळे पुसले होते त्याच पदरात तोंड खुपसलं. मला मात्र रडू येत होतं. सहा लिटर दुधाचं आप्पांना काहीच वाटलं नव्हतं. मी गोठ्यापासून लांब परसाच्या टोकाला खड्डा खणून ते दूध स्वतःच्या हातानं पुरलं. बासुंदीविना धोंडे जेवलो. तुपाबरोबरही छान लागतात.

जेवणानंतर मी गुपचूप सलीमभाईंना फोन केला. सकाळी सगळे सेल लाल आणि दुपारी सगळे हिरवे कसे, असं विचारलं.

"पानी डाल के तुरंत देखे क्या, सर?" ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"ऐसा नक्को करते. पानी हल्का रैता, ऊपर च तैरता. गाडी चलाव, मिक्स होने देव, बाद में देखो." मग त्यांनी काळजीनं विचारलं, "सर, आप फिजिक्स च पढाते ना?"

मी घरी आल्यावर टेबलावरचा तो सूचनांचा कागद वाचला. पहिल्याच ओळीत ते लिहिलेलं होतं. पण ते नंतर.

संध्याकाळी धारा काढून झाल्या. मागच्या सीटवर दोन कॅन चढल्या. आप्पा पुढं माझ्या शेजारी बसले आणि काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली. मी किल्ली फिरवली. गाडी अर्ध्या किल्लीत सुरू झाली आणि मी जन्मात वाजवला नसेल इतका हॉर्न त्या दहा मिनिटांच्या वाटेवर वाजवला! आप्पांचा तोच हुकूम होता. पारावरच्या म्हाताऱ्यांपाशी हॉर्न, दुकानापाशी हॉर्न, त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून नेणाऱ्या पुतण्यापाशी जरा लांबलचक हॉर्न. काच खाली करून आप्पा रामराम घालत होते. त्यांचं ते खिडकीतलं तोंड बघून मला सकाळपासूनचं सगळं वसूल झाल्यासारखं वाटलं.

डेअरीपुढं रांग होती. गाडी बघून माणसं बाजूला झाली. आप्पांनी कॅन उतरवायला लावल्या आणि दूध घेणाऱ्या माणसाला सांगितलं, की आज आधी डिग्री लाव, फॅट मागनं बघ. त्यानं भांड्यात दूध घेतलं आणि काचेची नळी सोडली. ती दोनदा वरखाली झाली आणि दिमाखात स्थिर उभी राहिली. त्यानं मोठ्यानं आकडा वाचला, "एकोणतीस!" आप्पांनी रांगेकडं वळून बघितलं. कुणी त्यांच्यावर कधी शंका घेतलीच नव्हती, त्यामुळं रांगेला काही कळलं नाही. पण आप्पांना जे दाखवायचं होतं ते दाखवून झालं होतं.

मग त्या माणसाची नजर माझ्याकडं गेली. अंगात इस्त्रीचा सदरा, खाली पायात लोळणारं सहा फुटी धोतर, एका मुठीत निऱ्या आणि दुसऱ्या मुठीत गाडीची किल्ली. त्यानं आप्पांना विचारलं, हे पाव्हणे कोण.

"जावई हाईत माझे," आप्पा अभिमानानं म्हणाले. "संभाजीनगरला बारावीला शिकवत्यात. घनता का काय ते." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, मला त्या नळीसमोर सरकवत ते म्हणाले, "जरा त्यांना पुन्यांदा लावून दाव. शिकायला आनलंय."